वाळूतली भाकर

रविवारी दुपारी देवाजीच्या चुलीवर वाळू तापायची, आणि साऱ्या दिघोरी गावाला त्याचं नवल वाटायचं. मुरमुरे फोडायला वाळू तापवतात, हे कोणालाही ठाऊक. पण देवाजीची सून त्या तापल्या वाळूत ॲल्युमिनियमचा डबा पुरायची, वर झाकण, झाकणावर निखारे, आणि घटकाभरानं त्यातून फुगलेला, तांबूस, लोण्यासारखा मऊ केक काढायची. केक हा शब्द देवाजीच्या तोंडी काही बसला नाही. तो त्याला वाळूतली भाकर म्हणायचा. मग गावही तेच म्हणू लागलं.

सुनेचं नाव चंद्रकला. वय एकोणीस. दहावी झाली त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आणि लग्नानंतर चार महिन्यांत सासऱ्यानं स्वतः तिला भंडाऱ्याला नेऊन डी.एड.ला घातलं. हो, सासऱ्यानं! नवऱ्यानं नाही, बापानं नाही. देवाजी स्वतः चौथी शिकलेला, धानाच्या बांधीत जन्म गेलेला माणूस. गावात लोक हसले. "सुनेले शिकवते म्हणे, आन् धानाचा रोवणा कोन करंल?" देवाजी सांगायचा, "रोवणा मी करतो. ते मास्तरीण होनार हाये." आणि विषय संपवायचा.

सासूला, धुरपताला, हे कधीच पटलं नव्हतं. ती वाईट बाई होती असं नाही हो. पण एकुलता एक मुलगा, एकुलती एक सून, आणि तीही सहा दिवस भंडाऱ्यात. गुडघे दुखायचे, डोळ्यांना कमी दिसायचं, चूल एकटीनंच फुंकायची. कोणाच्याही जिवाला लागेल ते. नवऱ्यापुढे तिचं चालत नव्हतं म्हणून ती गप्प होती, इतकंच.

भंडाऱ्यात चंद्रकला मनकर्णाबाईंच्या घरी एक खोली घेऊन राहायची. केक वाळूत भाजायची युक्ती त्यांचीच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवीत मैद्याचा पुडा, खायचा सोडा आणि वेलदोडे घेऊन ही एसटीला बसायची, दोनदा गाडी बदलून दिवेलागणीला दिघोरीत. रविवारी केक, सोमवारी पहाटे परत भंडारा. सुरुवातीला हे सगळं हौसेचं होतं. नवीन लग्न, नवीन विद्या, नवऱ्याला काहीतरी करून खाऊ घालावं एवढंच.

पण ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर देवाजीच्या घशात गाठ आली आणि हौसेचं काम गरजेचं झालं. भाकर उतरेना, भात अडकायचा. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली, घरी न्या म्हणाले. त्यानंतर त्या माणसाच्या पोटात जे काही धड जायचं ते सुनेच्या हातचं. दुधात कालवलेला केक चमच्याचमच्यानं तासभर खायचा. रविवारी केलेला बुधवारपर्यंत पुरवायचा, मग उरलेले दिवस पेज. शनिवारी एसटीचा भोंगा ऐकला की ओसरीवरून खरखरत्या आवाजात विचारायचा, "आली का वं बाई?"

"आली बाबा."

"पेपर कवा हाये?"

"एप्रिलात."

"तवरीक काही मी मरत नाही," असं म्हणून हसायचा, आणि हसता हसता खोकला यायचा.

मार्चच्या पहिल्या रविवारी ती गावी गेली नाही. सोमवारी वर्गावर शिकवून दाखवायचा तिचा शेवटचा पाठ होता, तपासायला बाहेरचे साहेब येणार होते, आणि तक्ते काढायचे राहिले होते. मनकर्णाबाई म्हणाल्यासुद्धा, "एका आठवड्यानं काय होते बाई?" तिलाही तसंच वाटलं. सोमवारचा पाठ छान झाला. साहेब स्वतः शाबास म्हणाले. ती तक्ते गुंडाळत वर्गाबाहेर आली तर व्हरांड्यात केवळराम उभा, देवाजीचा धाकटा भाऊ. डोक्यावर टोपी नव्हती. पुढं काही सांगायची गरजच नव्हती.

रविवारी दिवसभर म्हातारा एसटीची वाट पाहत होता, हे तिला घरी गेल्यावर धुरपतानं सांगितलं. टोमणा म्हणून नाही, रडता रडता. "दूध कोमट करून ठेवलं होतं मी. पेज तोंडात घेतली नाही. बाई येते, वाळूतली भाकर बनवते, मंग खातो म्हने." चंद्रकलाला ते वाक्य पुढे किती दिवस घास गिळू देत नव्हतं.

सुतकाचे दिवस सरत होते तशी दुसरी काळजी डोकं वर काढू लागली. माणूस मेल्याच्या घरात परीक्षेचा विचार करायचा म्हणजे लाज वाटते. पण विचार का थांबतो? दहाव्यानंतरच्या सोमवारी विद्यालयात हजर झाली नाही तर हजेरी भरत नव्हती, आणि हजेरी नाही तर परीक्षा नाही. दोन वर्षांचं सगळं पाण्यात. आणि धुरपतानं तर सातव्याच दिवशी आल्यागेल्या बायांसमोर सांगून टाकलं, "आता कायची शाळा न् कायचं काय. शिकवनाराच गेला. आता ते घरीच राहीन."

इश्वर, म्हणजे चंद्रकलाचा नवरा, तिथंच दाराशी सुंभ वळत बसला होता. चांगला होता हो पोरगा, बायकोवर जीव होता, पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे. बापाच्या आडोशानं वाढलेल्या मुलांचं असं होतं.

नवव्या दिवशी दुपारी मात्र तो गोठ्यात तिच्यामागं आला.

"आयक," तो हळूच म्हणाला. "उद्या तलावाच्या पाळीवर पिंड ठेवतीन. कावळा नाही शिवला, तं मी बोलतो. साऱ्या गावासमोर. बाबा, चंद्रकलाले मास्तरीण करतो, परीक्षेले बसवतो, असं म्हनतो."

तिनं शेण टाकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "आन् माय?"

"मेल्या मानसाले देल्ला शब्द माय मोडन का? कोनीच मोडत नाही. बाबाचा जीव तेच्यातच अटकला होता, साऱ्यायले मालूम हाये."

"आन् कावळा शिवला तं?"

इश्वर बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "नाही शिवणार," एवढंच म्हणाला.

आता पाहा कशी गंमत आहे. दहाव्याला घरचं प्रत्येक माणूस देवाला हात जोडतं की बाबा, कावळा लवकर शिवू दे, आमचा माणूस सुटू दे. आणि या घरात सून मनातल्या मनात म्हणत होती, नको येऊ दे. थोडा वेळ तरी नको येऊ दे.

दहाव्या दिवशी सकाळी धुरपतानं तिला हाक मारली. "बाई, ते वाळूतली भाकर बनवजो वं आज. पानावर ठिवू. उपाशी गेला तो." एवढं बोलून ती पदरात तोंड घालून बसली.

चंद्रकलानं चूल पेटवली. मैदा चाळला, दही-साखर फेटली, जरा तूप घातलं, वेलदोडा कुटला. कढईत वाळू तापली तेव्हा तिच्या मनात आलं, कच्चाच काढावा. नाहीतर करपवावा. कोणाला काय कळणार? पण डब्यात पीठ ओतता ओतता तिचे हात आपले नेहमीसारखेच चालले. झाकणावरचे निखारे ती पुन्हा पुन्हा सारखे करत राहिली. दोन वर्षांत झाला नव्हता इतका सुरेख केक त्या दिवशी झाला. वरून तांबूस, कुठं भेग नाही. तिनं तो डब्यासकट फडक्यात बांधला.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सारं गाव जमलं होतं. पुरुष पाण्याच्या कडेला, बाया जरा मागं, मोहाच्या झाडाखाली. इश्वरनं मुंडण केलेलं, ओलं धोतर. पिंड ठेवले, पळसाच्या पानावर भात, वरण, वडे, तंबाखूची चिमूटसुद्धा ठेवली. सगळे मागं सरले. धुरपताच्या हाताशी वाढायच्या दोन टोपल्या होत्या, त्या रिकाम्या झाल्या. फडक्यातला डबा तेवढा चंद्रकलाच्या मांडीवर पदराखाली राहिला. ती विसरली होती का? आता खोटं कशाला बोला. थोडी विसरली होती, थोडी नव्हती.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर चांगले पाचसहा बसले होते. एक खाली उतरला, भाताच्या भोवती फिरला, मान वाकडी करून पाहिलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"आता काय राह्यलं रे बाप्पा," कोणीतरी म्हणालं.

केवळराम पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुयी बैलजोडी मी कोनाले देऊ देनार नाही." कावळा हलला नाही. "भाऊ, वहिनीले अंतर देनार नाही." नाही. ऊन चढत होतं. लोक कुजबुजायला लागले. कोणी म्हणालं शेताच्या बांधाची भानगड असेल, केवळरामनं बांधाचंही वचन देऊन टाकलं. तरी कावळे जागचे हलेनात.

मग इश्वरनं घसा खाकरला. एक पाऊल पुढं टाकलं. चंद्रकलानं मान उंचावली. तो बोलणार होता, तिला दिसत होतं, त्याचे ओठ हलत होते. पण त्यानं आधी मागं वळून आईकडं पाहिलं. एवढंच. एकदाच पाहिलं.

आणि धुरपता कपाळावर हात मारून ओरडली, "अवं माय! वाळूतली भाकर कोठी हाये? पानावर ठेवलीच नाही का वं बाई?"

साऱ्या बायांनी चंद्रकलाकडं वळून पाहिलं. इश्वरनंही पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं की तो थांबायला सांगतोय. घरी राहिली म्हण, डबा झाक, अजून पळभर. पदराखाली डबा अजून कोमट होता. ती घरी राहिली म्हणाली असती तर कोणी तिचा पदर उचकून पाहणार नव्हतं.

पण तिला ओसरी दिसली. तो एक रविवार दिसला. कोमट दुधाची वाटी शेजारी ठेवून रस्त्याकडं कान लावून बसलेला म्हातारा दिसला. आज दुसऱ्यांदा त्याला उपाशी ठेवायचं, आणि तेही त्याच परीक्षेसाठी? तिच्यानं ते झालं नाही. तिनं फडकं सोडलं आणि डबा धुरपताच्या हातात दिला.

केक पानावर ठेवला आणि माणसं मागंही सरली नव्हती तोच बाभळीवरून कावळा आला. आधी एक, मग सगळे. केकवर चोच मारली, मग भातावर, मग पिंडावर.

"शिवला! शिवला!" पाळीवर एकच गलका झाला. "भाकरीतच जीव होता म्हाताऱ्याचा!" धुरपता धावत आली, तिनं सुनेला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडायला लागली. "तुह्या हातानं सुटला वं माय तो. तुह्या हातानं सुटला." आयुष्यात पहिल्यांदा तिनं चंद्रकलाला जवळ घेतलं होतं. चंद्रकलाही रडली. गावाला वाटलं, सासऱ्यासाठी रडते आहे. होतंच तसं, अर्धं.

इश्वर तिथंच पाण्याच्या कडेला उभा होता. आता बोलायला काही राहिलं नव्हतं. म्हातारा तृप्त होऊन गेला, हे साऱ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. उरलेली इच्छा म्हणून काही पुढं करायची सोयच उरली नाही.

संध्याकाळी गोठ्यात तो म्हणाला, "बोलूनच राहिलो होतो मी. तोंडावर आलं होतं."

"मालूम हाये," ती म्हणाली.

"तू देल्ला काहून डबा?"

तिनं बैलापुढं वैरण टाकली. त्यानं मायकडं वळून का पाहिलं, हे तिनं विचारलं नाही.

सोमवार आला आणि गेला. पहाटेची एसटी भोंगा वाजवून निघून गेली. चंद्रकला तेव्हा अंगण सारवत होती. पुढच्या आठवड्यात मनकर्णाबाईंनी गावच्या माणसाबरोबर तिची पुस्तकं आणि ते पाठाचे तक्ते पाठवले. धुरपतानं ते नीट फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले. आता ती सुनेशी फार चांगलं वागायची. उन्हात जाऊ नको म्हणायची, स्वतःच्या हातानं तिच्या डोक्याला तेल लावायची. हिच्या हातानं आपला माणूस सुटला, हे ती आल्यागेल्याला सांगायची. अशा बाईवर रागावणार तरी कसं?

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी धुरपता म्हणाली, "बाई, वाळूतली भाकर बनव ना वं. आता तं तू घरीच हायेस. रविवारचीच काहून वाट पाहायची?"

तिनं वाळू तापवली. मैद्याचा शेवटचा पुडा होता, तो फोडला. केक नीट फुगला. वावरातून आलेल्या इश्वरपुढं तिनं ताटलीत एक तुकडा ठेवला.

त्यानं घास घेतला. "मस्त झाली," म्हणाला.

"आज बालमानसशास्त्राचा पेपर होता," ती म्हणाली. "अकरा ते दोन."

इश्वरचा जबडा थांबला. मग त्यानं तो घास कसाबसा गिळला आणि पाणी मागितलं. तिनं उठून गडव्यातलं पाणी त्याला दिलं.