उजव्या हाताचा कोयता

घड्याळं दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. चिमट्याहून मोठं हत्यार मी कधी हातात धरलं नाही, आणि त्याचा मला अभिमानच होता. पण परसातलं रान गेल्या दोन वर्षांत इतकं माजलं की मागचं दार अर्धंच उघडायला लागलं. गुरुवारी सकाळी वाळत घातलेली चादर काट्यांतून सोडवताना बायकोचा संयम संपला.

"रविवारी मी दादाला बोलावलंय," ती म्हणाली. "रान कापायचं मशीन घेऊन येतोय."

दादा म्हणजे माझा मेहुणा. माणूस वाईट नाही, पण एकदा मशीन घरघरायला लागलं की त्याला झाड आणि झुडूप यांतला फरक दिसत नाही. गेल्या वर्षी 'जरा नीट करतो' म्हणत त्यानं पुढच्या दारचा गुलाब नीट केला. आम्ही अजून त्याच्या फुटव्याची वाट बघतोय. आणि या खेपेला त्या रानाच्या मधोमध अंजिराचं झाड होतं. मुलीनं बारा वर्षांची असताना ते बिस्किटांच्या डब्यात लावलं होतं. आता ती दूर असते, आणि फोन केला की आधी अंजिराची चौकशी करते, मग आमची. त्या झाडाचं काही झालं तर तिला काय सांगायचं, या विचारानं मला दुपारी जेवण गेलं नाही.

"मशीन नको," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत मी हातानं साफ करतो."

"कशानं? चिमट्यानं?"

म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं लोहाराकडे गेलो.

त्याच्या भिंतीवर कोयते टांगलेले होते. लांब, आखूड, टोकाशी वाकलेले. मी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. लोहारानं हातोडा खाली ठेवला आणि बघत बसला. कोयता भिंगातून निवडणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिलंच भेटलं असावं. एकाची मूठ सैल होती, एकाच्या पात्याला बारीक तडा होता, एक नुसता दिसायला दणकट. अर्ध्या तासानं मनासारखा सापडला. हातभर लांब, टोकाकडे जड, एक अंग सपाट आणि दुसऱ्या अंगानं धार उतरवलेली.

"चांगला निवडलात," लोहार म्हणाला. "पण धार एकाच अंगानं आहे, उलट्या हातात घसरेल. कोणत्या हातानं काम करता?"

"उजव्या," मी म्हणालो, आणि उजव्या हातानं हवेत दोन वार करून दाखवले.

आता खरं सांगतो. मी डावरा आहे. माझे वडीलही घड्याळवालेच. आपलं घड्याळ डाव्या हातानं उघडलेलं दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे गिऱ्हाइकासमोर उजवा हात आणि पडद्यामागे डावा, हे मी पस्तीस वर्षं पाळलं. चारचौघांत माझा डावा हात आपोआप खिशात जातो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी जरा कात्र्या बघते."

शुक्रवारी परसात बघायला कोणी नव्हतं, म्हणजे अर्थातच डावा हात. पहिला वार वेलीवरून घसरला. दुसराही घसरला. तिसरा असा काही भरकटला की अंजिराची एक फांदी तीन कच्च्या फळांसकट माझ्या पायाशी येऊन पडली. मी पायरीवर बसलो. रडू यायचंच काय ते बाकी होतं. मेहुण्यापासून वाचवायला निघालेल्या झाडावर पहिला घाव मीच घातला होता.

"कोयता खराब निघाला," मी आत येऊन म्हणालो.

"हो का," बायको म्हणाली. "मग परत देऊन या."

"तू चल ना."

"मला कामं आहेत."

शनिवारी सकाळी लोहाराकडे नेमकी चार माणसं बसलेली. त्यांतल्या एकाचं घड्याळ मी आठवड्यापूर्वीच दुरुस्त करून दिलं होतं. मी तक्रार सांगितली. लोहारानं एका वारात मनगटाएवढी फांदी उडवली आणि कोयता माझ्या हातात दिला. "तुम्ही करून दाखवा."

मी उजव्या हातानं घाव घातला. फांदीची फक्त साल निघाली. कोणी हसलं नाही, त्यानं जास्तच लाज वाटली. घरी जावं, मशीन येऊ द्यावं, असं क्षणभर वाटून गेलं. मग ती तीन कच्ची अंजिरं आठवली.

"मी डावरा आहे," मी म्हणालो.

घड्याळाचा मालक दचकला. "म्हणजे माझं घड्याळ?"

"डाव्या हातानंच केलंय."

"तरीच चालायला लागलं," तो म्हणाला. "आधीच्यानं दोनदा उघडलं होतं."

लोहारानं बसायच्या फळीखालून कागदात गुंडाळलेला कोयता काढला. तस्साच, फक्त धार दुसऱ्या अंगानं. "परवाच करून ठेवलाय. बाई मागं थांबून सांगून गेल्या होत्या."

"मग कालच निरोप का नाही धाडला?"

"त्या म्हणाल्या, स्वतःच्या तोंडानं सांगतील तेव्हाच द्या."

रविवारी मेहुणा मशीन घेऊन आला तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं आणि एका फांदीनं उणं अंजीर उन्हात उभं होतं. मी कुंपणालगतची शेवटची वेल तोडत होतो. त्यानं माझ्या डाव्या हातातला कोयता पाहिला.

"भावोजी, तुम्ही डावरे कधीपासून?"

"कालपासून," बायको आतून म्हणाली.