सात गाठींची नाडी

सुट्टीची सकाळ होती. शिलाई कारखान्याशेजारच्या हॉलमध्ये साठेक बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि सगळ्यांची नजर एका धिप्पाड बाईवर खिळली होती. ही बाई कारखान्यात गठ्ठे बांधायची. तिने तीन उड्या मारल्या, मग जोरात खोकली, आणि मग कोणी सांगितलं नसताना आणखी एक उडी मारली.

"कोरडी आहे मी," ती म्हणाली आणि रडू लागली.

पुढच्या रांगेतल्या बायकांनीही डोळ्यांना पदर, रुमाल, जे हाताशी होतं ते लावलं. कारण थोड्याच वेळापूर्वी याच बाईने याच जागी अशाच तीन उड्या मारल्या होत्या, आणि तेव्हा तिच्या पायजम्यावर पसरलेला ओला डाग सगळ्यांनी पाहिला होता. मध्ये झालं होतं एवढंच, की दर सुट्टीला हॉलमध्ये बायकांचं हे दुखणं बांधायला येणाऱ्या गाठमाईने तिच्या कंबरेला सात गाठींची पांढरी नाडी बांधली होती.

"मी काय केलं? काही नाही," गाठमाई डोळे अर्धे मिटून म्हणाली. "पाण्याला वाट लागते, मी ती वाट बांधते. पहिली गाठ उगमाची, दुसरी ओघाची, तिसरी..." तिसरी गाठ कशाची ते दर आठवड्याला बदलायचं, पण ऐकणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं.

शेवटच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून उभी होती. कारखान्यात इस्पितळांसाठी नाडीचे पायजमे शिवले जात आणि ही तिथली तपासणीस. प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायची, सैल लागली की तिथल्या तिथे उसवायची. म्हणून तिचं नाव पडलं उसवणी. माणसांचं बोलणंही ती तसंच ओढून बघायची, त्यामुळे तिला मैत्रिणी बेताच्याच होत्या.

या दुखण्याला कारखान्यात 'टाका सुटणं' म्हणत. खोकला आला, गठ्ठा उचलला, खळखळून हसू आलं की टाका सुटायचा. लघवी हा शब्द कोणी तोंडातून काढायचं नाही. उसवणी तर टाक्याचंही नाव काढत नसे. दुसऱ्या बाळंतपणापासून बारा वर्षं ती आत कपड्याची घडी ठेवून कामावर येत होती आणि हसायचं टाळत होती. लोकांना वाटायचं, बाई खडूस आहे. तिला फक्त लाज वाटायची.

दोन आठवड्यांपूर्वी तिनेही नाडी बांधून घेतली होती. हॉलमध्ये ती कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उचलला आणि टाका सुटला.

"मनात शंका होती ना?" गाठमाई म्हणाली होती. "शंकेने गाठ सैल होते."

शंका तर होतीच. उसवणीने मान खाली घातली, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे तिच्या मनातून जाईना.

तिच्या धाकट्या जावेची मात्र नाडीवर पुरती श्रद्धा बसली होती. जाऊ त्याच कारखान्यात मशीनवर होती. गाठमाईने सांगितलेलं पथ्य ती डोळे झाकून पाळत होती: उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आठ दिवस ती कोरडी राहिली आणि जिला तिला सांगत सुटली. नवव्या दिवशी लघवीला आग व्हायला लागली, दुपारी हुडहुडी भरली आणि ती मशीनवरच कलंडली. उसवणीने तिला रिक्षात घातलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं.

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं. "उजाडल्यापासून मावळेपर्यंत थेंबही नाही," उसवणीने सांगितलं. जंतुसंसर्ग झाला होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "ताप उतरला की मूळ तक्रारीसाठी शेजारच्या खोलीत या. तिथे फिजिओथेरपिस्ट बसतात."

चार दिवसांनी दोघी त्या खोलीत गेल्या. ठेंगण्या, हसऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ओटीपोटाच्या हाडांचा प्लॅस्टिकचा नमुना पुढे ओढला.

"इथे तळाला स्नायूंची झोळी असते. बाळंतपणाने, वयाने ती सैल पडते. खोकलं की वरून दाब येतो, झोळी तो पेलू शकत नाही आणि लघवी सुटते. पिशवी भरलेली असली की जास्त सुटते, रिकामी असली की सुटायला काही नसतंच."

उसवणीची मान वर झाली. पण आधी ती दुसरंच बोलली.

"म्हणजे नेफ्यातली नाडीच की."

"नेफा म्हणजे?"

"पायजम्याची कंबर दुमडून पट्टी शिवतो ना, तिच्यात नाडी ओवतात. ती आतून ओढली तर पायजमा जागेवर राहतो. वरून दोऱ्या गुंडाळून काय होणार?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त ही नाडी तुमची तुम्हालाच ओढायची आहे. लघवी आणि वारा, दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत ओढायचं. थोडे सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकायच्या किंवा वजन उचलायच्या आधी ओढून घ्यायचं. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. आणि मी आधी तपासून बघणार, कारण पुष्कळ जणी ओढायच्या ऐवजी खाली जोर लावतात."

"गुण येईल ना?" जावेने विचारलं.

"तीन महिने तरी करावं लागेल. बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. सगळ्या पूर्ण बऱ्या होतात असं मी म्हणणार नाही."

उसवणीने हे वाक्यही ओढून बघितलं. ते टिकलं. मग ती हळूच म्हणाली, "बाई, माझंही नाव लिहा."

परत येताना ती वाटेतच थांबली. "अगं, माई आधी काय करते? दोन पेले मंतरलेलं पाणी पाजते. तासभर बोलते. मग उड्या मारायला लावते. मग काय म्हणते?"

"शुद्ध होऊन या," जाऊ म्हणाली. "म्हणजे बाथरूमला जाऊन, कपडे बदलून. मग नाडी." आणि तिने कपाळावर हात मारला.

पुढच्या सुट्टीला उसवणी हॉलमध्ये थेट पुढे जाऊन उभी राहिली. अंगात फिकट पायजमा होता.

"मी आत्ताच बाथरूमला जाऊन आले. नाडी नाही, गाठ नाही," तिने कंबर दाखवली. तीन उड्या मारल्या, खोकली. पायजमा कोरडा.

"आता बांधा."

साठ बायकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. गाठमाईने नाडी बांधली. उसवणी दोन पेले पाणी प्यायली, समोर बसली आणि माईचं तासभराचं प्रवचन तिने शब्दन् शब्द ऐकलं. मग उठली. बारा वर्षं जे लपवलं ते आता सगळ्यांना दिसणार होतं. तिने मुद्दाम आत काही न ओढता तीन उड्या मारल्या.

डाग गुडघ्यापर्यंत आला होता.

"शंका," गाठमाई म्हणाली. "हिच्या मनात शंका आहे."

"पहिल्यांदा नाडी बांधलीत तेव्हाही शंका होती," उसवणी म्हणाली. "तेव्हा कोरडी कशी राहिले?"

माई पुन्हा पहिल्या गाठीपासून सांगू लागली.

उसवणी बायकांकडे वळली. "माझी लघवी सुटते. टाका नाही, लघवी. बारा वर्षं झाली. पिशवी भरली होती तेव्हा सुटली, रिकामी होती तेव्हा नाही सुटली. नाडीचा काही संबंध नाही. हिच्या पथ्यापायी माझी जाऊ तापाने फणफणली. पाणी प्या आणि इस्पितळात चला. कोणी चमत्कार दाखवला तर डोळे पुसत बसू नका. आधी काय केलं, नंतर काय केलं, ते विचारा. आपण पायजम्याची शिवण ओढून बघतो, मग स्वतःच्या शरीराबद्दल कोणी काहीही सांगितलं तर न ओढता कसं मान्य करतो?"

पहिली उठली ती गठ्ठेवाली. तिने कंबरेची नाडी सोडली, गाठी बोटांनी चाचपल्या आणि म्हणाली, "ही तर आपल्याच कारखान्यातली आहे."

आता तिथे मशीनचं बॉबिन बदलताना प्रत्येक बाई मिनिटभर गप्प होते. व्यायामाची वेळ त्यांनी तीच ठरवली आहे. चौथ्या महिन्यात मालकाने विचारलं, बॉबिन बदलताना तुम्ही सगळ्या अशा गंभीर का होता? तेव्हा उसवणी जी हसत सुटली ती थांबेना. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कोरड्या आहोत.