धाकट्याचं ऊन

थोरल्याने धाकट्याच्या कानाखाली अशी काढली की त्याने दातांत धरलेले खिळे पत्र्यावर सांडले.

"शर्ट घाल."

"नाही घालत."

दुसरी बसली. भर दुपारी, गोदामाच्या उतरत्या छपरावर धाकटा उघड्या अंगाने हातोडा घेऊन बसला होता. पन्नाशीचा बाप्या, पण हट्ट पाचवीतल्या पोराचा. त्याने उलटून थोरल्याला ढकललं. थोरला दोन हात घसरला, कडेची पट्टी धरून कसाबसा थांबला आणि शिव्या देत पुन्हा वर आला.

दोघंही छपरं घालणारे, धंदा बापाचा. बापाची एक शिक्षा असे. ज्याच्या पायाखाली सिमेंटचा पत्रा फुटेल, त्याने दिवसभर उघड्या अंगाने काम करायचं. पत्रा फुटायचा धाकट्याच्या पायाखाली आणि तो बोट दाखवायचा थोरल्याकडे. थोरला तोंडातून ब्र काढायचा नाही. सहा उन्हाळे त्याच्या पाठीची सालपटं निघत राहिली.

आता त्याच पाठीवर कातडीच्या कॅन्सरची गाठ होती. डावा कान अर्धा त्याच रोगात आधीच कापावा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांचं रक्त मागवलं. शरीरात मारेकरी पेशी असतात, त्या म्हणाल्या. बिघडलेली पेशी दिसली की तिचा फडशा पाडतात. तिला ओळखायला त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात आणि त्या रिसेप्टरची जनुकं सगळ्यांची सारखी नसतात. काहींचे पहारेकरी जन्मापासूनच ढिले असू शकतात.

थोरल्याला हे फार पटलं. "माझे पहारेकरीच झोपाळू, त्याला कोण काय करणार?" असं तो महिनाभर हसत सांगत होता. मेलेल्या बापाला शिव्या घालणंही त्याने सोडलं होतं.

रिपोर्ट आज सकाळी धाकट्याने आणले होते.

थोरल्याने शर्ट उचलून त्याच्या तोंडावर हाणला, तेव्हा खिशातून दोन कागद पडले.

"यातला माझा कुठला?"

"कुठलाही घे. दोन्ही सारखेच आहेत." धाकट्याचा आवाज फुटला. "तुझे पहारेकरी ढिले, तसेच माझेही. मग फरक उन्हाचाच ना, दादा? ते माझं ऊन होतं."

थोरल्याने दोन्ही कागद उचलून ताडून पाहिले. महिनाभराचं हसू कुठल्या कुठे गेलं. मग त्याने मूठ आवळून एक ठोसा दिला. धाकट्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, पण त्याने हात वर केला नाही. थोरल्याने त्याला उताणं पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि एकेक हात पिरगाळून बाहीत कोंबला.

"तुझेही ढिलेच ना? मग उन्हात कशाला मरतोस, गाढवा? मी एकटा पुरे नाही का या घराला?"

रक्ताने माखलेली बटणं त्याने खालपासून गळ्यापर्यंत लावली. धाकटा उठून बसला.

"झालं?"

"कुठे?" म्हणत थोरल्याने आणखी एक सणसणीत ठेवून दिली. "ही तेव्हाच्या पत्र्यांची."

धाकटा गाल धरून हमसून हमसून रडायला लागला. थोरला त्याच्याकडे पाठ करून सांडलेले खिळे वेचू लागला.