समोरच्या गॅलरीतला हात

करोनामुळे वूहानमध्ये घराबाहेर पडायला बंदी झाली तेव्हा शाओमानच्या आजोबांनी आपला मोबाइल तिला देऊन टाकला. शाळा आता मोबाइलवर भरणार होती आणि आईचा मोबाइल आईबरोबर जायचा. आई सुपरमार्केटात कामाला होती. घरोघरी पोचवायच्या सामानाच्या पिशव्या भरायला ती उजाडताच निघायची आणि परतल्यावर जेवता जेवता पेंगायची. आपल्याला घरातला जुना तारेचा फोन पुष्कळ झाला, म्हाताऱ्याला असं कोण विचारतंय, असं आजोबांचं म्हणणं.

आजोबा त्याच आवारात, समोरच्या इमारतीत एकटे राहायचे. मध्ये फक्त बॅडमिंटनचं मैदान. पण दोन्ही इमारतींच्या दारांना कुलपं होती, मोबाइल दिवसभर शाळेत अडकलेला असायचा आणि ओरडून बोलावं तर अख्खं आवार कान देऊन ऐकायचं. म्हणून आजोबांनी एक खेळ काढला, शाळेत डोळे तपासतात तसा. भिंतीवरच्या तक्त्यावर तीन दातांच्या फणीसारखी खूण असते, दात कुठे वळलेत ते मुलानं हातानं दाखवायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आजोबा आपला निळा कोट घालून गॅलरीत येऊन हात करायचे आणि शाओमान खिडकीतून तोच हात करायची. बरोबर आलं की आजोबा दोन्ही हात डोक्यावर नेऊन कमान करायचे. दिवसभरात तिच्याशी समोरून कोणी बोललं तर ते एवढंच.

आजोबांना एका गोष्टीचा फार तोरा होता. त्यांनी जन्मभर शहरात बस चालवली ती चष्म्याशिवाय, आणि घरातही कुणाला चष्मा नव्हता.

शाळेत रोज सगळ्या वर्गाकडून करून घेतात तो डोळ्यांचा व्यायामसुद्धा आता मोबाइलवरच व्हायचा. तास संपला की नेहमीचं संगीत लागायचं, मुलांनी डोळे मिटून भुवयांच्या कडेला बोटांनी दाबायचं. बाईंना प्रत्येकाचा चेहरा दिसायला हवा असायचा, म्हणून शाओमान एक डोळा किलकिला करून आपण चौकटीत आहोत ना, हे बघत राहायची. मग पुढचा तास, मग गृहपाठ, तोही त्याच पडद्यावर. वाढत्या वयात सतत जवळचंच पाहिलं आणि उन्हात जाणं थांबलं की नेत्रगोल हळूहळू लांबट होतो, आणि दूरच्या वस्तूचं चित्र डोळ्यातल्या पडद्यावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडेच पडतं. हे सगळं इतकं सावकाश होतं की ज्याचं त्यालाही कळत नाही. शाओमानला वाटलं, काच मळली असेल. तिनं ती आतून पुसली, हात बाहेर काढून बाहेरूनही पुसली. मग वाटलं, नदीवरचं धुकं असेल. आधी मैदानाची जाळी गेली, मग आजोबांची बोटं, मग कोपर. शेवटी गॅलरीत नुसतं निळं काहीतरी उभं राहायला लागलं.

ती अंदाजानं हात करू लागली. चारातलं एखादं बरोबर यायचंच.

आईला सांगितलं तर ती मोबाइल काढून घेणार. पण त्याचं तिला एवढं भय नव्हतं. हे आपल्याच मोबाइलनं केलं असं आजोबांना वाटेल, आणि जिला दिसतच नाही तिच्यासाठी ते गॅलरीत कशाला येतील?

त्या दुपारी तिनं तिळाच्या वाटणात नूडल्स कालवून खाल्ल्या आणि ती खिडकीशी आली. निळं आधीच उभं होतं. डावीकडे हात केल्यासारखा वाटला, तिनं डावीकडे केला. कमान दिसली नाही. तिनं वर केला, खाली केला, पुन्हा डावीकडे केला. तेवढ्यात मोबाइल वाजला. आजोबांच्या घरचा नंबर होता.

"काय गं चिमणे, कोणाशी बोलतेयस?"

"तुमच्याशीच की."

"मी आत आहे. बाहेर माझा कोट वाळत घातलाय."

शाओमाननं खिडकीची कड घट्ट धरली. आजोबा रागावले नव्हते. काल आपण वर हात धरून उभे होतो आणि तू तीनदा खाली दाखवलंस, असं त्यांनी सांगितलं. आज ते पडद्याआडून बघत होते आणि तसेच येऊन फोनशी बसले होते.

"मला वाटलं, म्हाताऱ्याची फिरकी घेतेयस."

"दिसत नाही आजोबा."

"कधीपासून?"

"काच पुसली, त्याच्याही आधीपासून."

"आणि तरी रोज येत होतीस?"

"मी नाही आले तर तुम्ही आत जाल."

आजोबांनी घसा खाकरला. मोबाइल मीच दिला ना, असं काहीतरी ते पुटपुटले. चष्म्याची दुकानं उघडली की आईला मी सांगेन, म्हणाले. ती कधी उघडतील, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"बरं, बघ आता," आजोबा म्हणाले. "हात वर केलाय मी. तू?"

"केला."

"बरोबर. आता डावीकडे."

आजोबांचा फोन आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी असायचा. त्याची वायर गॅलरीपर्यंत पोचत नव्हती आणि त्या खोलीतून मैदान दिसत नव्हतं, हे शाओमानला पक्कं माहीत होतं. समोर निळा कोट होता. तिनं मोबाइल कानाशी खांद्यानं दाबून धरला आणि डावा हात खिडकीबाहेर होता होईल तेवढा लांब केला. आजोबा "बरोबर" म्हणेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.