अल्टरनेटरच्या डोक्यावरचा नारळ

मी जानूच्या जीपमधला अल्टरनेटर बोलतोय. हल्ली हळू आवाजात बोलतो. पूर्वी पोलादपूरच्या नाक्यावर जीपच्या आधी माझा आवाज पोचायचा.

माझं काम साधं. इंजिनचा पट्टा मला फिरवतो, मी वीज करतो, बॅटरी भरतो. दिवे लागले की लोक बॅटरीचं नाव घेतात आणि माझी आठवण कुणाला होत नाही. चालायचंच.

शहाण्णव साली जानूने जीप घेतली. सकाळी एमआयडीसीचे कामगार, मग महाडच्या बाजारच्या बायका, हंगामात आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. माणूस कष्टाळू आणि भाविक. माझा घात झाला तो या दुसऱ्या गुणाने.

दसऱ्याला सगळे ड्रायव्हर चाकापुढे नारळ फोडतात. जानूला ते पटेना. "रस्त्याला काय पाजायचं? राबतंय ते इंजिन!" म्हणत त्याने बॉनेट उघडलं आणि नारळाचं पाणी आत ओतलं. मी अगदी वरच बसलेला, त्यामुळे पहिलं तीर्थ मला. गोड होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या पाण्याने माझ्या बेअरिंगमधलं ग्रीस हळूहळू धुऊन गेलं, गंज चढला आणि मी कण्हायला लागलो.

जानूने कान टवकारले. "गाडी कायतरी मागते," तो म्हणाला आणि दर अवसेला नारळ सुरू झाला. मी ओरडलो की नारळ, आणि नारळ झाला की मी आणखी ओरडायचो. आवाज झाकायला त्याने टेप मोठा केला. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर देवाचं चित्र चिकटवलं!

महाडच्या अश्वजितचं गॅरेज आहे. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, "जानूदादा, अल्टरनेटरचं बेअरिंग गेलंय. चार्जिंग पण धड होत नाय. दोन दिवस गाडी सोड."

"गीताची परीक्षा होऊ दे," जानू म्हणाला. "तवर बॅटरी नवी टाक."

नवी बॅटरी आली. घरात दाणा नाही अन् सून आणली, तशी तिची गत झाली. तिला भरायला माझ्यात ताकद कुठे होती?

गीता ही जानूची एकुलती लेक. त्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. केंद्र महाडला, आणि धास्ती गणिताची. त्या पेपरच्या सकाळी जानूने मुद्दाम मोठा नारळ आणला आणि सगळा माझ्या डोक्यावर रिता केला. मग चावी फिरवली. नुसतं 'टक्'.

गीता आणि पेपरलाच निघालेल्या तिच्या मैत्रिणींनी उतारावर जीप ढकलून सुरू केली. हायवेला लागलो आणि मी किंचाळलो. बेअरिंग जाम झालं, पट्टा घासून जळाला आणि तुटला. तोच पट्टा इंजिनला थंड पाणी खेळवतो, त्यामुळे थोड्याच वेळात वाफ उसळली. महाड अजून लांब होतं.

गीता खाली उतरली. "बाबा, नारळ कुणासाठी फोडलात? माझ्यासाठी का या गाडीसाठी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कंपनीची कामगारांची बस आली. जानू हात जोडून भर रस्त्यात आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने आधी शिव्या दिल्या, मग पोरींना आत घेतलं. गीता पोचली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, पण दार अजून उघडं होतं.

अश्वजितने मला खोललं तेव्हा आंबलेल्या नारळाचा वास सुटला. "यात पाणी कुठनं गेलं?"

"पावसाचं असंल," जानू पुटपुटला.

त्याची बायको रखमा शेजारीच उभी होती. "पाऊस काय दर अवसेलाच पडतो?"

नवं बेअरिंग बसलं, पट्टा बसला. लाल दिवा विझला, हे मात्र देवाच्या चित्रामुळे कुणाला दिसलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. गीता गणितातही पास! जानू धावत नारळ घेऊन आला. दगडावर फोडला, पाणी करवंटीत धरलं आणि सवयीने बॉनेट उघडलं. माझ्या तारा थरथरल्या. गीता फक्त बघत राहिली. जानू थबकला. मग त्याने करवंटी तिच्या ओठांना लावली.

इतकी वर्षं माझ्या वाट्याला आलेलं ते पाणी योग्य जागी गेलं, म्हणून मी त्या दिवशी मनापासून फिरलो. तुम्हीही, बाबांनो, गाडी कण्हली तर आधी तिचं ऐका आणि मग नवस बोला.

आता मी गप्प आहे. पण जानूला चैन नाही. परवाच अश्वजितला विचारत होता, "आवाजच येत नाय रे. गाडी रुसली तर नाय ना?"

रखमाने घरातले नारळ माळ्यावर नेऊन ठेवलेत.