मर्ल मंगळवारी येतो

इंटरनेटवरच्या अभिप्रायांत थिंबल या नाचाच्या क्लबचे तारे साडेचारावरून साडेतीनवर उतरले, तेव्हा डीडीने मॅरेनला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"तू कॉलेजात गेलेली ना? मग लिही चार ओळी. गिऱ्हाइकानं लिहिल्यासारख्या."

"म्हणजे खोटं?"

"अगं बये, आपली जूनिपर स्टेजवर नाचते, तिचं नाव तरी जूनिपर आहे का?"

डीडी थिंबलची मॅनेजर. साठी उलटलेली, गुडघे जाईपर्यंत याच स्टेजवर नाचलेली. मॅरेन दुपारच्या पाळीला बार सांभाळायची. आधी तीही नाचायची, पण ओपलच्या वेळी पोट दिसायला लागलं तशी ती बारच्या मागे गेली आणि तिथेच राहिली. ओपलचा बाप कामासाठी म्हणून बॉयसीला गेला तो गेलाच.

रविवारी ओपल नाक चोंदलेलं घेऊन झोपली. तिच्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून मॅरेन टेबलाशी लिहायला बसली. पहिले दोन अभिप्राय पाच मिनिटांत झाले. पार्किंग भरपूर, स्टेक झकास, मुली प्रेमळ. वेगवेगळ्या नावांनी टाकले. प्रत्येकाखाली त्या साइटचा ठरलेला प्रश्न होता, हा अभिप्राय उपयोगी वाटला का? कुणालाच वाटला नव्हता. पार्किंग भरपूर आहे हे रस्त्यावरूनही दिसत होतं.

तिसरा लिहायला घेतला तेव्हा पोरीचा श्वास जरा मोकळा झाला होता. मॅरेनचा हात आपोआप चालू लागला.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे. दर मंगळवारी दुपारी इथे येतो. नाच बघतो, पण त्यासाठीच येतो असं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर बसून बटाट्याचं सूप घेतो. तिसऱ्या खेपेपासून मला ते मागावं लागलं नाही. एकटेच आलात का, असं इथे कुणी विचारत नाही. बायको गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. इथे तसं बोलून चालत नाही, गाणी मोठ्यानं लागलेली असतात. मंगळवारी मोकळे असाल तर या. माझ्या समोरची खुर्ची रिकामीच असते. मर्ल."

दुसऱ्या दिवशी तिघांनी तो उपयोगी ठरवला. आठवड्यात अकरा झाले, महिन्याने बावन्न. मॅरेन ग्लास पुसता पुसता फोन उघडून आकडा बघायची, आणि मग पाळणाघराने ओपलचा नवा फोटो टाकलाय का ते बघायची. पण मंगळवारी दुपारी यायचे ते नेहमीचेच दोन वायरमन, शेजारच्या टायरवाल्याचा भाऊ आणि पेपरातलं कोडं सोडवणारा एक निवृत्त पोस्टमन. बावन्न जणांना ते उपयोगी वाटलं होतं, पण कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मात्र एक म्हातारा आला. चर्चला जाताना घालावा तसा इस्त्रीचा शर्ट, त्यावर चेनचं जाड जाकीट. खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्याने बारवर उलगडला. मर्लचा अभिप्राय त्याने छापून आणला होता.

"खिडकीजवळचं टेबल कुठलं म्हणायचं?" त्याने विचारलं.

थिंबलला खिडकी नव्हती. या धंद्यातल्या जागांना ती नसतेच. सहा वर्षं मॅरेन या चार भिंतींत वावरली होती, आणि लिहिताना मात्र घरातली, डोळ्यांसमोरची खिडकी लिहून बसली होती.

"बुजवली ती," ती म्हणाली.

"हां. वारा येत असेल." त्याला पटलं. "आणि मर्ल? अजून नाही आला?"

मॅरेनने हातातला ग्लास खाली ठेवला. हा नाच बघायला आलेला नव्हता.

"आज नाही दिसले."

"बसतो मग. मी वेंडल. टिलामूकहून आलोय, घाट उतरून. दोन तास लागले."

तो बसला तो नेमका स्टेजला लागून असलेल्या खुर्चीवर, कारण तिथून दार सरळ दिसत होतं. गाणं संपलं तशी जूनिपर त्याच्यापाशी वाकली. "राजा, या रांगेत बसायचं तर गाण्यागणिक एक डॉलर ठेवायचा असतो. फुकटात बघायचं तर मागं जा."

"माफ करा बाई, मला माहीत नव्हतं." त्याने घाईघाईने डॉलर ठेवला आणि पुन्हा दाराकडे बघत बसला. तीन गाणी, तीन डॉलर, आणि तोंड दाराकडे.

"माझ्याकडे पाठ करून पैसे देणारा हा पहिलाच," जूनिपर नंतर बारपाशी येऊन म्हणाली. "मला तर कधी नव्हे ते लाजल्यासारखं झालं."

पुढच्या मंगळवारी वेंडल पुन्हा आला. या खेपेला मागच्या टेबलावर बसला आणि समोरच्या खुर्चीवर त्याने स्वतःचं जाकीट ठेवलं, कुणी ती उचलून नेऊ नये म्हणून. चार वाजता उठताना चीजचा एक मोठा ठोकळा मॅरेनच्या हातात दिला.

"शेजाऱ्याच्या गोठ्यातलं आहे. माझ्या गाई मी विकल्या. मर्ल आला की त्याला द्या. म्हणावं, टिलामूकच्या वेंडलनं दिलंय."

ते चीज मॅरेनने बारच्या फ्रिजमध्ये लिंबांच्या मागे ठेवलं. तिच्याने ते खाववेना आणि टाकवेनाही. शेवटी ते डीडीच्या नजरेला पडलं आणि सगळं सांगावं लागलं.

"मेला म्हणून सांग," डीडी म्हणाली. "एकाहत्तरचा होता, शोभून जाईल."

"त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली म्हणत होता, डीडी. आता मित्रपण मारू?"

"नसलेला माणूस मेला तर कुणाचं काय जातंय? पण खरं सांगितलंस आणि तो जाऊन लिहून बसला, की थिंबलवाल्या खोटं लिहितात, तर मालक मला विचारेल. मग मी तुझंच नाव सांगेन हो राणी. माझी काही आता दुसरीकडे नाचायची उमेद नाही."

म्हणाली हसत, पण तसंच करेल हे मॅरेनला माहीत होतं. नोकरी गेली तर पाळणाघराची जागा जाणार, आणि ती जागा मिळायला आठ महिने रांगेत काढले होते. त्या आठवड्यात ओपलचा खोकला पुन्हा उपटला. पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालताना मॅरेनला वाटायचं, नाही यायचा तो, कंटाळेल. आणि लगेच वाटायचं, कंटाळला तर घरी जाऊन करेल काय?

तिसऱ्या मंगळवारी वेंडल सरळ बारशीच बसला. सूप पुढे आलं, पण त्याने चमचा उचलला नाही.

"तुम्हाला लेकरं आहेत?" त्याने विचारलं.

"एक मुलगी. चौदा महिन्यांची."

"माझी चव्वेचाळीसची. स्पोकेनला असते. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी फोन. जेवलात का, गोळी घेतलीत का, दार लावलंत का. स्वतःचा संसार सोडून पोरगी माझं दार लावत बसलेली. मग मी तिला मर्लचं सांगितलं. म्हटलं, पोर्टलंडला एक मित्र मिळालाय, दर मंगळवारी भेटतो. तिला इतकं बरं वाटलं. म्हणाली, बाबा, आता माझा जीव भांड्यात पडला. हल्ली रविवारीच करते फोन."

"पण तुमची भेट तर..."

"झाली नाही. ते तिला कशाला सांगू?" त्याने कागद काढून बारवर ठेवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "परवा विचारत होती, मर्ल दिसतो कसा. मी म्हटलं, उंच आहे." मग त्याने मॅरेनकडे पाहिलं. "उंच आहे ना तो?"

आजही नाही आले हो, असं म्हणून सुटता आलं असतं. डीडी टोकाला लिंबं कापत होती आणि तिची सुरी थांबलेली मॅरेनला दिसली.

"मर्ल नाहीये," मॅरेन म्हणाली. "ते मी लिहिलं होतं. घरी बसून."

गाणं नुकतंच संपलं होतं आणि दुसरं लागायला वेळ होता. थिंबलमध्ये अशी शांतता पुरती अर्धं मिनिटही टिकत नाही, पण ती त्याच वेळी पडली.

"सगळंच?"

"सगळंच."

"समोरची खुर्चीसुद्धा?"

"ती माझ्या घरातली. माझ्या समोरची."

वेंडलने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. बाजारात गाय विकायला नेलेल्या माणसाला भाव ऐकून जसं होतं, तसा तो नुसता ऐकून घेत होता. मग त्याने थोडं सूप घेतलं, कारण ते समोर होतं.

"मीही दाबलं होतं, उपयोगी म्हणून," तो म्हणाला. "ते परत घेता येतं का?"

"येतं. मी दाखवते."

"नको. राहू दे." पुढचं गाणं लागलं आणि त्याला आवाज चढवावा लागला. "आणि तुम्हीही ते काढू नका. लेक वाचते कधीमधी. तिला आवडतं ते."

"ती विचारेल ना, मर्ल कसा आहे?"

"विचारेल. सांगेन काहीतरी. तुमच्याइतकं नाही जमायचं, पण सांगेन."

डीडीची सुरी पुन्हा चालू झाली. वेंडल उठला आणि जाकिटाची चेन लावू लागला. तिचे दात जुळेनात. मॅरेनला वाटलं, पुढे होऊन लावून द्यावी. ओपलची रोज लावतेच की. पण मध्ये बार होता.

"पुढच्या मंगळवारी याल?" तिने विचारलं.

"कुणाला भेटायला?"

"मला," मॅरेन म्हणाली.

म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. मला भेटायला ये हं, मी वाट बघेन. चार वर्षं ती स्टेजवरून उतरून प्रत्येक टेबलाशी हेच म्हणत होती, आणि आत्ता पलीकडे जूनिपर पोस्टमनच्या कोड्यावर वाकून नेमकं तेच म्हणत होती. या जागेत ते वाक्य इतक्या जणांना इतक्या वेळा म्हटलेलं होतं, की खरोखरीचं म्हणायला दुसरं वाक्य शिल्लकच नव्हतं. 'तसं नाही, मनापासून म्हणतेय' हेही इथे म्हणतात.

वेंडल हसला. बायको जिवंत असताना दुकानातल्या मुलीशी हसला असेल, तसं सभ्यपणे.

"गोड बोलता हो इथल्या सगळ्याच मुली," तो म्हणाला, आणि सुपाच्या बशीखाली एक नोट सारून निघाला.

त्याने दार उघडलं तसा दुपारचा पांढरा उजेड थेट बारपर्यंत आला. एका वायरमनने डोळ्यांवर हात धरून दार लाव म्हणून आवाज दिला. वेंडलने ते सावकाश, न आपटता लावलं.