विकर आणि जास्तीचा काना

मी कपडे धुण्याच्या पावडरीतला एक विकर बोलतोय. शिकलेली माणसं मला एन्झाइम म्हणतात. जन्म कारखान्याच्या टाकीत, एका जिवाणूच्या पोटी. त्यामुळे कुळाचा तोरा मिरवायची सोय नाही.

तरी भाऊबंदांची थोरवी सांगतोच. मी पाण्याच्या मदतीने प्रथिनांचे दुवे तोडतो, म्हणून मी हायड्रोलेज. लायेज असलं तोडकाम पाण्याविना करतो. ट्रान्सफरेज एका रेणूचा तुकडा उचलून दुसऱ्याला पोचवतो, तेही अर्ज न मागता. आयसोमरेज आहेत त्याच अणूंची मांडणी बदलतो; कचेरीत टेबलं हलवतात तशी, फक्त याने काम पुढे सरकतं. आणि एवढं करून आम्ही खर्ची पडत नाही. एक रेणू सुटला की दुसरा धरायचा.

त्या संध्याकाळी मी बादलीत पडलो. नर्सिंग शिकणाऱ्या सुनेच्या पांढऱ्या कोटावर रक्त सांडलं होतं. कोट एकच, सकाळी वॉर्डात शेवटची परीक्षा, आणि डागाळलेल्या कोटाला दारातूनच परत पाठवत. सासूबाई मदतीला धावल्या. पुड्यावरचं ‘विकरयुक्त’ त्यांनी चष्म्याविना ‘विकारयुक्त’ वाचलं आणि उकळतं पाणी उचललं.

“आई, थांबा! उकळतं नको!”

“अगं, पावडरीतच विकार आहे. मरायला नको?”

“विकार नाही, विकर! तो मेला तर डाग कोण काढणार? शिवाय रक्त कापडात कायमचं बसेल.”

“एका कान्यासाठी केवढ्याने ओरडलीस! भांडं पडलं असतं हातातलं.”

“कोट गेला की परीक्षा गेली, आई.”

भांडं थांबलं. ही हुज्जत चालू असतानाही दोघींच्या पेशींत ऑक्सिडोरिडक्टेज इलेक्ट्रॉनांची देवघेव करून भांडायला ताकद पुरवत होते, आणि लायगेज ऊर्जा खर्चून डीएनएचे तुटलेले धागे सांधत होते. पक्षपात नाही.

सासूबाईंनी गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं. “बाळाच्या अंघोळीइतकं. चालेल तुझ्या विकराला?”

“पळेल!”

मग मी आणि माझ्यासारखे असंख्य कामाला लागलो.

सकाळी सासूबाईंनी कोट उजेडात धरला. “डाग नक्की कुठे होता गं?”

सुनेने उलटापालटा करून पाहिला. तिलाही सांगता येईना. ओलसर बाह्यांसकट तो अंगात चढवून ती वॉर्डाकडे पळाली.

मी आता फेसाबरोबर मोरीच्या तोंडाशी आलोय. मागणं एवढंच: माझ्या जातभाईंना कोमट पाणी द्या आणि थोडा वेळ द्या. आमचं काम कुठे दिसलं नाही, तर ते झालं असं समजा.